लॉनवरचं मॉस: मारायचं कधी, विंचरायचं कधी

ब्रिटनमध्ये घर घेतलं आणि मागे चाळीस-पन्नास चौरस मीटरचं लॉन मिळालं, की पहिल्या हिवाळ्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. नोव्हेंबरात लॉन पायाखाली गादीसारखं लागायला लागतं, कारण गवतात मॉस, म्हणजे शेवाळासारखी दिसणारी मऊ, बुटकी वनस्पती पसरलेली असते. नाताळच्या सुट्टीत वेळ मिळतो, म्हणून दुकानातून ‘थ्री-इन-वन’चा (खत, तणनाशक आणि मॉस मारणारं लोह एकत्र) खोका आणून पसरला जातो. आठवड्या-दोन आठवड्यांत मॉस काळं पडतं. ते काळं डोळ्यांना खुपतं, म्हणून लगेच रेक (दाताळं) घेऊन उपसलं जातं. जानेवारीत तिथे चिखल, आणि मार्चमध्ये त्याच चिखलावर आधीपेक्षा दाट मॉस.

यात औषधाचा दोष फारसा नसतो. चुकतात त्या तारखा. मॉस मारणं आणि मॉस उपसणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्यात काही आठवड्यांचं अंतर लागतं. मारणं थंडीतही जमतं, कारण थंडीत मॉस जोरात असतं. उपसणं मात्र गवत वाढायला लागल्यावरच करायचं, कारण रिकामी झालेली जागा गवतानेच भरायची आहे. गवत झोपलेलं असेल तर ती जागा पुन्हा मॉसच भरतं.

खालच्या तारखा दक्षिण आणि मध्य इंग्लंड धरून दिल्या आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये वसंतातली कामं तीन-चार आठवडे पुढे ढकला आणि शरदातली दोन-तीन आठवडे आधी उरका.

## टप्पा १: थर्मामीटर, टेप आणि सावली

औषध विकत घेण्याआधी तीन गोष्टी मोजायच्या.

मातीचं तापमान. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर चालतो, फक्त तो पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. सकाळी नऊच्या सुमारास ५ ते ८ सेंटिमीटर खोल खुपसा, दोन मिनिटं थांबा, आकडा लिहून ठेवा. सावलीत एक आणि उजेडात एक अशा दोन जागा धरा आणि सलग चार-पाच दिवस मोजा. एका दिवसाचा आकडा फसवतो. दोन आकडे लक्षात ठेवायचे: माती ५-६ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर इथलं राय आणि फेस्क्यू गवत जवळजवळ वाढत नाही, आणि माती ८ ते १० अंशांच्या खाली असेल तर बी पेरून उपयोग नाही. मॉसला असली अट नाही. त्याला मुळं नसतात, पाणी ते थेट पानांतूनच शोषतं, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर आणि ओली असली तरी त्याचं भागतं.

क्षेत्रफळ. अंदाजाने सांगू नका, टेप लावा. ५ मीटर गुणिले ८ मीटर म्हणजे ४० चौरस मीटर. शेड, पॅटिओ आणि वाफे वजा करा. बहुतेक लोक आपलं लॉन आहे त्याहून मोठं धरतात आणि औषध जास्त पडतं.

सावली. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १५ अंश चढतो. दक्षिणेकडच्या सहा फुटी लाकडी कुंपणाची सावली तेव्हा जवळपास ७ मीटर लांब पडते. जूनमध्ये त्याच कुंपणाची सावली एक मीटरसुद्धा नसते. पुण्यात ऐन डिसेंबरातही ती दीड-पावणेदोन मीटरच्या पुढे जात नाही, म्हणून आपल्याकडच्या डोळ्याला हा फरक सहसा सुचत नाही. आठ मीटर लांबीच्या लॉनवर सात मीटर सावली म्हणजे जवळपास सगळं लॉन दोन-अडीच महिने उन्हाशिवाय. डिसेंबरात एकदा दुपारी बारा वाजता सावलीची कड फोटोत टिपून ठेवा. पुढे बी निवडताना हा फोटो लागतो.

तपासणी: तुमच्याकडे तीन आकडे लिहिलेले आहेत का? मातीचं तापमान, चौरस मीटर, सावलीची लांबी. नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कुठलं मॉस आहे ते पाहा

पॅटिओच्या फरशीवरचा निसरडा हिरवा-काळा थर हे शेवाळ, त्याचं काम वेगळं. लॉनमधल्या मॉसची एक चिमूट उपटून उजेडात धरा.

लांब, पिसासारखं, गवतातून सरपटत गेलेलं आणि सहज हातात येणारं मॉस असेल तर जागा ओली आहे, सावलीत आहे किंवा गवत उपाशी आहे. घरामागच्या लॉनमध्ये बहुतेक वेळा हेच सापडतं.

आखूड, मखमलीसारखं, जमिनीला चिकटलेलं आणि उंचवट्यांवर असलेलं मॉस दिसलं तर मोअर (गवत कापायचं यंत्र) फार खाली लावला जातोय. उंचवट्यावर मोअरचं पातं घासतं, गवत बोडकं होतं, आणि तिथे हे बसतं. याला औषधापेक्षा मोअरचं पातं वर घेणं जास्त लागू पडतं.

ताठ उभं, छोट्या ताऱ्यांसारखं दिसणारं मॉस कोरड्या, आम्ल मातीत येतं. फक्त याच बाबतीत पीएच तपासायचा किट आणणं खरंच सार्थकी लागतं.

## टप्पा ३: ऑक्टोबर-नोव्हेंबर, गवत झोपण्याआधी

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि हिवाळ्यात मॉस किती पसरेल ते बरंचसं इथेच ठरतं.

१. पानं. आठवड्यातून एकदा तरी गोळा करा. ओली पानं एका जागी दोन-तीन आठवडे पडली की खालचं गवत पिवळं पडून विरळ होतं आणि ती जागा मॉससाठी मोकळी होते.

२. शेवटच्या कापण्या. मोअर ४ ते ५ सेंटिमीटरवर ठेवा. ‘आता हिवाळाभर कापायला नको’ म्हणून शेवटची कापणी अगदी बारीक करणं ही नेहमीची चूक आहे. आखूड पात्याला आधीच कमी असलेला उजेड पकडता येत नाही. एका खेपेला पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका.

३. भोकं पाडणं. साधा बागेतला काटा १० सेंटिमीटर खोल घालायचा, किंचित मागे-पुढे हलवायचा, काढायचा. पुढचं भोक १० ते १५ सेंटिमीटरवर. पूर्ण लॉन जमत नसेल तर जाण्या-येण्याची वाट, कपडे वाळत घालायच्या दांडीभोवतीची जागा आणि मुलांच्या गोलपोस्टच्या पुढचा भाग एवढं तरी करा. जड चिकणमाती असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा पोकळ दाताचा काटा वापरा. तो मातीची छोटी गुंडाळी बाहेर काढतो. त्या भोकांत जाडसर वाळू आणि चाळलेल्या मातीचं मिश्रण झाडून भरायचं.

४. खत. द्यायचंच असेल तर ‘ऑटम फीड’ लिहिलेलं, आणि तेही ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पिशवीवरच्या एनपीकेच्या (नत्र, स्फुरद, पालाश) तीन आकड्यांपैकी पहिला लहान आणि तिसरा मोठा हवा.

सावधान: उन्हाळ्यातलं उरलेलं, नत्र जास्त असलेलं खत नोव्हेंबरात संपवून टाकू नका. त्याने येणारा कोवळा, मऊ पाला थंड ओलीत फ्युझेरियम बुरशीला बळी पडतो. तपकिरी-नारिंगी गोल चट्टे आणि त्यांच्या कडेला पहाटे दिसणारी पांढरी-गुलाबी कापसासारखी बुरशी ही तिची खूण.

सावधान: भोकं पाडताना काट्याच्या भोकात पाणी वर येत असेल तर थांबा. चिंब चिकणमातीत काटा घातला की भोकाच्या भिंती चोपून गुळगुळीत होतात आणि निचरा आणखी बिघडतो.

दिवाळी आणि बॉनफायर नाइट (५ नोव्हेंबरची ब्रिटनमधली फटाक्यांची रात्र) याच सुमारास येतात. ओल्या लॉनवर वीस-पंचवीस जण तासभर उभे राहिले की माती पुढचे चार महिने दबलेली राहते, तेव्हा फटाके जमलं तर पॅटिओवर उडवा. आणि दुसऱ्या दिवशी जळालेल्या फुलबाज्यांच्या तारा मोजून उचला. गवतात राहिलेली एक तार मार्चमधल्या पहिल्याच कापणीत मोअरच्या पात्याला दात पाडते.

## टप्पा ४: डिसेंबर ते फेब्रुवारी, हात बांधून

या दिवसांत न करायच्या गोष्टींचीच यादी मोठी आहे.

फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडलेला असताना लॉनवर पाय ठेवायचा नाही. पात्यातलं पाणी गोठलेलं असतं, पाय पडला की पेशी फुटतात. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी काळपट-तपकिरी पावलांचे ठसे उमटतात आणि ते वसंतातली नवी वाढ येईपर्यंत जात नाहीत. कचऱ्याचा चाकांचा बिन ढकलत न्यायची वाट लॉनवरून जात असेल तर हिवाळ्यापुरत्या फळ्या टाका आणि फ्रॉस्ट नसताना उचलून जागा बदला. नुसता बर्फ पडून राहिला तर बिघडत नाही. तुडवून दाबलेला बर्फ बिघडवतो.

रेक नको, स्कॅरिफायर (मॉस आणि मेलेलं गवत खरवडून काढणारं यंत्र) नको, बी नको, नत्र नको, ‘थ्री-इन-वन’ नको. त्या ‘थ्री-इन-वन’मध्ये लोहाबरोबर नत्र आणि तणनाशकही असतं. नत्र घ्यायला गवत जागं नाही, तणनाशक शोषायला तण वाढत नाही. दोन्ही पैसे पावसाबरोबर वाहून जातात, आणि काम करतं ते फक्त लोह.

डिसेंबरात लॉन हिरवं दिसतं म्हणून गवत वाढतंय असं समजू नका. लंडनमध्ये त्या दिवसांत उजेड आठ तासांहून थोडा कमी, ग्लासगोत सात तासांच्या आसपास. हवा उबदार राहून गवत खरंच वाढलं, लॉन कोरडं आहे आणि तापमान ७-८ अंशांच्या वर आहे, तर मोअर सगळ्यात वरच्या खाचेत लावून टोकं छाटायला हरकत नाही. चाकांच्या खुणा उमटल्या तर तिथेच बंद करा.

एक काम मात्र करता येतं, आणि तेही ऐच्छिक: लोहाची हलकी मात्रा. हे लोह म्हणजे आपला हिराकस, फेरस सल्फेट. महाराष्ट्रात द्राक्ष-संत्र्याच्या बागांत लोहाच्या कमतरतेला जो वापरतात, तोच. गवत त्याने गडद होतं आणि मॉसला चटका बसतो. हिरव्या खड्यांचा हिराकस साधारण ४ ग्रॅम प्रति चौरस मीटर, एक लिटर पाण्यातून. सलग दोन-तीन दिवस फ्रॉस्ट नाही, लॉन गोठलेलं नाही आणि चिंबही नाही, एवढी खिडकी मिळाली तरच. मॉस काळं झालं तर तसंच राहू द्या. उपसायची खाज इथेच आवरायची असते.

## टप्पा ५: मार्च, मुख्य मात्रा

सलग चार-पाच सकाळी माती ५-६ अंशांच्या वर राहिली की ही वेळ आली. दक्षिणेत बहुधा मार्चचा पहिला-दुसरा आठवडा.

काय घ्यायचं. दुकानात तीन प्रकार दिसतात. पाण्यात विरघळणारा हिराकस, वाळूत मिसळलेलं ‘लॉन सँड’ आणि दाणेदार ‘फीड अँड मॉस किलर’. समान पसरण्याच्या दृष्टीने पहिला सगळ्यात सोपा. ब्रिटनमध्ये मॉस मारण्यासाठी विकलं जाणारं औषध नोंदणीकृत असतं आणि त्याच्या लेबलवरचं प्रमाण व हंगाम पाळणं बंधनकारक असतं. खालच्या आकड्यांत आणि लेबलमध्ये फरक पडला तर लेबलचं ऐका.

हिरवे खडे की फिकट भुकटी? ही चूक जवळपास कुणाच्या लक्षात येत नाही. हिरवट खड्यांत लोह साधारण २० टक्के असतं. ‘ड्राइड’ लिहिलेल्या फिकट राखाडी भुकटीत ते ३० टक्क्यांच्या आसपास. कुणी तरी सांगितलेलं खड्यांचं प्रमाण भुकटीला लावलं तर दीडपट लोह पडतं आणि गवतही काळवंडतं. खड्यांच्या १० ग्रॅमच्या जागी भुकटी ६-७ ग्रॅमच घ्यायची.

४० चौरस मीटरचा हिशेब. मात्रा १० ग्रॅम प्रति चौरस मीटर धरली तर हिरवे खडे ४०० ग्रॅम, पाणी ४० लिटर. म्हणजे १० लिटरच्या झारीने चार खेपा, प्रत्येक झारीत १०० ग्रॅम, आणि प्रत्येक झारी बरोबर १० चौरस मीटरवर. ५ बाय ८ च्या लॉनवर दोरी टाकून ५ बाय २ चे चार पट्टे आखा. हे आखणं वेळखाऊ वाटतं, पण पट्टे न आखता ओतलेलं लॉन दहा दिवसांनी चित्त्यासारखं ठिपकेदार दिसतं.

क्रम असा:

१. तीन दिवस आधी ५ सेंटिमीटरवर कापणी. औषध घातल्यानंतर चार दिवस मोअर बंद.

२. दिवस निवडा: हवा थंड-दमट, लॉन गोठलेलं नाही, पुढचे २४ तास पाऊस नाही. लॉन सँड वापरत असाल तर दवाने ओल्या झालेल्या सकाळी, साधारण १४० ग्रॅम प्रति चौरस मीटर. दोन दिवसांत पाऊस आला नाही तर पाणी घाला.

३. हातमोजे, जुने बूट. प्लास्टिकची झारी. जस्ताची झारी हिराकस खातो.

४. १०० ग्रॅम खडे आधी बादलीत दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवा, जुन्या मोज्यातून गाळा, मग झारीत घालून १० लिटर करा. न गाळलेला गाळ झारीची जाळी बुजवतो.

५. शक्य असेल तर वॉटर बटमधलं (छपराचं पाणी साठवायच्या पिंपातलं) पावसाचं पाणी वापरा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं नळाचं पाणी जड असतं. त्यात द्रावण लवकर तांबूस होऊन साका खाली बसतो आणि तेवढं लोह वाया जातं. द्रावण बनवलं की त्याच तासाभरात संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

६. बारीक जाळी लावून अर्धी झारी पट्ट्याच्या लांबीने, अर्धी रुंदीने.

सावधान: हिराकसाचा डाग म्हणजे गंजाचा डाग. ओल्या फरशीवर पडलेला एकेक कण नारिंगी टिकली सोडतो आणि ती सहसा जात नाही. फरशीवर कोरडे कण पडले तर आधी झाडून घ्या, पाणी मारू नका. द्रावण सांडलं तर मात्र लगेच भरपूर पाणी. लॉनवरून सरळ घरात चालत जाणं ही सगळ्यात महाग चूक, कार्पेटच्या दुकानात तिची किंमत कळते. बूट दाराबाहेरच काढा.

सावधान: लॉन पूर्ण वाळेपर्यंत मुलं, कुत्रा, मांजर बाहेर नकोत. माशांच्या तळ्यात किंवा गटारात द्रावण जाऊ देऊ नका.

## टप्पा ६: थांबा

हा टप्पाच आहे, मधली सुट्टी नाही. मॉस काही तासांतच गडद होऊ लागतं, पण आतपर्यंत मरायला एक ते दोन आठवडे, थंडी असेल तर तीन.

तपासणी एक: काळ्या मॉसची चिमूट उपटा आणि बुडाशी पाहा. बूड हिरवं असेल तर ते अजून जिवंत आहे. जिवंत मॉस विंचरलं तर त्याचे तुकडे रेकच्या दातांबरोबर चांगल्या भागात जातात आणि तिथे रुजतात.

तपासणी दोन: हिवाळ्यानंतर गवताची किमान दोनदा कापणी झाली का? झाली असेल तर गवत जागं आहे. नसेल, तर लॉन कितीही कळाहीन दिसलं तरी रेक शेडमध्येच.

मॉसचं बूडही मेलेलं आणि दोन कापण्याही झालेल्या, ती वेळ दक्षिणेत बहुधा एप्रिलचा पहिला पंधरवडा.

## टप्पा ७: विंचरणं

साधन म्हणजे तारेच्या लवचीक दातांचा स्प्रिंग-टाइन रेक. मातीचा ताठ दातांचा रेक नको, तो गवत मुळासकट उपटतो. लॉन ओलसर हवं, ओलं नको. आधी ३-४ सेंटिमीटरवर कापून घ्या.

रेक जमिनीला जवळजवळ आडवा धरून, छोट्या ओढीने, आपल्याकडे ओढायचा. जोर खांद्यातून लावायची गरज पडत असेल तर दात फार उभे धरले आहेत. एकदा लांबीने विंचरून सगळा कचरा उचला, मग एकदा रुंदीने. तिसरी फेरी मारायचा मोह होतो. मारू नका, उरलेलं नवं गवत झाकेल.

भाड्याचं यंत्र आणलंत तर पाती इतकी वर ठेवा की ती मॉस ओढतील आणि माती कापणार नाहीत. कोपऱ्यात एक मीटर चालवून पाहा. मागे मातीच्या काळ्या रेघा उमटल्या तर पाती आणखी वर घ्या. खोलवर स्कॅरिफाय करण्याचा हंगाम सप्टेंबर. एप्रिलमध्ये खोल कापलं की उघड्या मातीत तणाचं बी उगवतं आणि पुढे कोरडा मे आला तर दुखावलेलं गवत सावरत नाही.

निघणाऱ्या मॉसचा ढीग पाहून घाबरायला होतं. विरळ लॉनमधून अर्ध्याहून जास्त हिरवा भाग निघून जाणंही शक्य आहे, तो कधी गवत नव्हताच. औषध मारलेलं मॉस कंपोस्टमध्ये घालावं की नाही हे लेबलवर पाहा. एरवीही मॉस फार सावकाश कुजतं, म्हणून कौन्सिलच्या गार्डन वेस्ट बिनमध्ये टाकणं सोपं. काही कौन्सिल हिवाळ्यात हा बिन उचलत नाहीत, तेव्हा आधी तारखा बघून ठेवा.

## टप्पा ८: जागा भरणं, त्याच आठवड्यात

विंचरल्यावर उघडी माती दोन-तीन आठवड्यांत गवताने भरली नाही तर वरचे सात टप्पे पुढच्या वर्षी पुन्हा.

१. मातीचं तापमान पुन्हा मोजा. १० अंशांच्या आसपास हवं. शिवाय हिराकस घालून लेबलवर सांगितलेले दिवस उलटलेले हवेत. महिनाभराचं अंतर ठेवलं तर चिंता नाही.

२. बी सावलीच्या फोटोवरून निवडा. उन्हाच्या भागाला राय असलेलं मिश्रण. ते आठ-दहा दिवसांत उगवतं. सावलीच्या भागाला फेस्क्यू जास्त असलेलं ‘शेड’ मिश्रण. त्याला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी ‘बी खराब निघालं’ म्हणून वर दुसरं टाकू नका. सावलीत राय पेरलं तर पहिल्या वर्षी छान येतं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात विरळ होऊन मॉसला जागा देतं.

३. प्रमाण २५ ते ३५ ग्रॅम प्रति चौरस मीटर, फक्त विरळ भागात. निम्मं एका दिशेने, निम्मं आडव्या दिशेने. हलका रेक फिरवा आणि पायाने दाबा. बी मातीला टेकलं पाहिजे. मेलेल्या मॉसच्या थरावर पडलेलं बी उगवून वाळून जातं.

४. वरून पातळ टॉप ड्रेसिंग: आकारमानाने ३ भाग चाळलेली माती, ६ भाग जाड वाळू, १ भाग बारीक कंपोस्ट. चौरस मीटरला २ ते ३ किलो. त्यात गवताची टोकं बुडता कामा नयेत. बांधकामाची पिवळी बारीक वाळू नको, ती भोकं बुजवते.

५. पाऊस नसेल तर रोज हलकं पाणी. कबुतरं येत असतील तर जाळी.

६. नवं गवत ६-७ सेंटिमीटर झालं की पहिली कापणी, धारदार पात्याने. वसंतातलं नत्रयुक्त खत जुन्या भागाला एप्रिलच्या मध्यानंतर. बऱ्याच उत्पादनांचं प्रमाण ३५ ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपास असतं. उपाशी गवतात मॉस परत येतं, त्यामुळे हे खत टाळू नका.

## चुना: जवळपास नेहमी घाईने घातला जाणारा

‘मॉस म्हणजे आम्ल माती, म्हणून चुना घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पीएच ५.५ च्या खाली असल्याशिवाय चुना घालू नका. मोजून कमी निघाला तर दळलेला चुनखडीचा दगड, चौरस मीटरला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि तो शरद-हिवाळ्यात. हिराकसाबरोबर कधीच नाही, दोघे एकमेकांचं काम बिघडवतात. मोजल्याशिवाय चुना घातलेल्या लॉनवर गांडुळांच्या मातीच्या ढेकळ्या वाढतात, आणि चुरडलेल्या ढेकळीवर मॉस आनंदाने बसतं.

## काहीतरी बिनसलं तर

मॉस काळं झालंच नाही. पाऊस लवकर आला, द्रावण जड पाण्यात तांबूस होऊन बसलं, किंवा मॉस इतकं जाड होतं की लोह फक्त वरच्या थरापर्यंत पोचलं. पहिल्या दोन कारणांत, लेबल परवानगी देत असेल तर ठरलेल्या अंतराने दुसरी मात्रा. तिसऱ्यात आधी वरचा मेलेला थर विंचरून मग दुसरी मात्रा, तीही एप्रिलमध्येच.

मॉसबरोबर गवतही काळं झालं. मात्रा जास्त किंवा पट्टे एकमेकांवर चढले. लगेच भरपूर पाणी घाला. बहुतेक वेळा गवताचं बूड जिवंत असतं आणि नवं पातं येतं. तीन आठवडे वाट पाहा, मगच बी.

लॉनच्या निम्म्याहून जास्त भागात मॉसच आहे. मग एप्रिलचा खेळ अर्धवटच ठेवा. मार्चमध्ये मारा, हलकं विंचरा, खत द्या. मोठं काम ऑगस्टअखेर ते सप्टेंबरसाठी राखा. ऑगस्टच्या शेवटी लोह, सप्टेंबरच्या मध्याला खोल स्कॅरिफाय आणि भोकं. लोहानंतरचे लेबलवरचे दिवस मोजून, महिना संपायच्या आत बी. माती तेव्हा उन्हाळ्याने तापलेली असते, पाऊस सुरू झालेला असतो आणि तणांचा जोर ओसरलेला असतो.

शेडमागचा तो एकच पट्टा दरवर्षी. उन्हाळ्यातही तिथे ऊन पोचत नसेल तर तिथे गवत टिकणार नाही, कुठलंही बी आणा. वरची फांदी छाटून उजेड येतो का पाहा. नसेल येत तर पट्टा लॉनमधून वगळा: फर्न लावा, लाकडाचा चुरा टाका, किंवा मॉसच राहू द्या. फक्त त्या पट्ट्याच्या आणि लॉनच्या मध्ये एक वीत रुंद खडीची रेघ ओढा, म्हणजे रेक तिकडून इकडे तुकडे ओढत आणणार नाही.